घडीची होडी आणि शहराचे पाणी

शहरातील माणूस आपल्या शहराचे पाणी बहुधा पुलावरूनच पाहतो. बसच्या खिडकीतून क्षणभर दिसलेली नदी पुढच्या वळणावर विसरली जाते. ज्या पाण्याच्या आधाराने शहर वसले, त्याच पाण्याकडे ते पाठ फिरवून उभे राहते; आणि जेथे कोणी फिरकत नाही, तेथे घाण टाकताना कोणाला संकोचही वाटत नाही. हा दुरावा दूर व्हावयाचा असेल, तर सामान्य नागरिकाला पाण्यापर्यंत, किंबहुना पाण्यावर जाता आले पाहिजे. घडी करून ठेवता येणारी कयाक हे त्याचे एक साधे साधन आहे.

कयाक ही मूळची आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट लोकांची होडी. लाकडाच्या वा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ते ती तयार करीत आणि तीत बसून शिकार करीत. १९०५ साली आल्फ्रेड हॉयरिख या जर्मन विद्यार्थ्याने बांबूच्या काठ्या आणि शिडाचे कापड यांपासून सुटी करता येणारी होडी बनविली आणि इझार नदीतून बाड टोल्झ ते म्युनिक असा प्रवास केला. १९०७ साली रोझेनहाइम येथील शिंपी योहान क्लेपर यांनी या होडीचे हक्क घेऊन तिचे उत्पादन सुरू केले. नदीकाठी जागा नसलेली, भाड्याच्या घरात राहणारी माणसेही मग होडी पिशव्यांत भरून आगगाडीने नदीवर जाऊ लागली. १९५६ साली डॉ. हान्नेस लिंडेमान यांनी अशाच होडीतून एकट्याने ७२ दिवसांत अटलांटिक महासागर ओलांडला. तथापि या होडीचे खरे मोल विक्रमांत नाही. नौकाविहार हा केवळ श्रीमंतांचा छंद राहिला नाही, हे तिचे मोठे कार्य होय.

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथील बंदरात अशी होडी प्रथमच घेऊन येणाऱ्या नवशिक्याची कल्पना करावी. काठावर पिशवी उघडून दांड्या एकमेकींत बसविणे, सांगाड्यावर आवरण चढविणे, कडेच्या नळ्यांत हवा भरणे यांत पहिल्या वेळी तासभर सहज जातो. होडीत पाय ठेवताच ती डगमगते आणि छातीत धडधड होते. परंतु बूड टेकले, वल्ह्याचे चार हात मारले, की तोल सापडू लागतो. मग रोजचेच शहर निराळे दिसू लागते. पूल डोक्यावरून जातात, जुन्या इमारतींचे पाया धरून उभे असलेले दगड हाताच्या अंतरावर येतात. प्रवासी बोट दुरून गेली तरी तिची लाट होडीला हेलकावा देते. पाणी आता केवळ देखावा राहत नाही. त्याचा थंडपणा, त्याचा वास, त्यावर तरंगणारी प्लॅस्टिकची पिशवी, सारे काही अंगाशी येते.

हेच बंदर एकेकाळी असे अंगाशी घेण्याजोगे नव्हते. १९९५ साली ९३ निचरामार्गांतून सांडपाणी बंदरात व लगतच्या किनाऱ्यावर येत असे. महापालिकेने पावसाचे पाणी साठविण्यासाठी भूमिगत टाक्या बांधल्या आणि त्यांतील ५५ मार्ग बंद केले. २००२ साली तेथे नागरिकांसाठी पोहण्याची जागा खुली झाली. पुढे २०१७ साली, पाण्यातील कचरा गोळा करण्याच्या बोलीवर कयाक विनामूल्य देणारा उपक्रमही याच शहरात सुरू झाला. पाणी स्वच्छ झाले म्हणून लोक आले, हे खरे. परंतु लोक येऊ लागले म्हणून ते स्वच्छ राखणे भाग पडते, हेही तितकेच खरे आहे.

यावर कोणी म्हणेल, की पाणी धोक्याचे असते. भिंत बांधून लोकांना दूर ठेवणेच बरे. ही शंका अगदीच निराधार नाही. जीवरक्षक जाकीट, पोहण्याचे ज्ञान, हवामानाचा अंदाज आणि मोठ्या बोटींना वाट देण्याची शिस्त यांवाचून कोणीही पाण्यावर जाऊ नये. पूर आलेल्या नदीत तर होडी घालूच नये. परंतु धोक्यावर उपाय शिक्षणाचा आहे. भिंतीमुळे माणसे दूर राहतात, सांडपाणी मात्र भिंतीखालच्या नळातून वाहतच राहते.

आपल्या देशातही हा प्रश्न दूरचा नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ सालच्या अहवालात २७९ नद्यांवरील ३११ पट्टे प्रदूषित असल्याचे नमूद आहे. अशा पाण्यात आज होडी घालण्याचा आग्रह कोणी धरणार नाही. सांडपाण्याची व्यवस्था आधी झाली पाहिजे, आणि ते काम शासनाचे व महापालिकांचे आहे. परंतु नदीसुधारणेचे यश केवळ काठावरच्या फरसबंदीवरून आणि दिव्यांवरून मोजले जाऊ नये. एखाद्या सामान्य घरातील मुलाला आपल्या शहराच्या पाण्यावर निर्धास्तपणे वल्हे मारता येते काय, हा निकष अधिक प्रामाणिक आहे. तो लावण्याचा आग्रह नागरिकांनीच धरावयास हवा.