पाहुणा परदेशी, म्हणून पास्ता?

आगाप छाटणीचे प्लॉट उतरायला लागलेत. आता एप्रिलपर्यंत पॅकहाऊसवर परदेशी पाहुण्यांची ये-जा राहणार. कोणी नेदरलँडचा, कोणी इंग्लंडचा. मण्याचा आकार बघणार, साखर मोजणार, फवारणीच्या नोंदी चाळणार. आणि दुपारी एक वाजता त्यांच्यापुढं काय येणार? नाशिकच्या हॉटेलातून तीस-चाळीस किलोमीटर हिंदकळत आलेला गार पास्ता, वर सॉसच्या पुड्या.

हे बंद करा, एवढंच सांगायला आज लिहितोय.

काही जण म्हणतात, अहो त्यांना सवयीचं खाऊ द्या, आपलं तिखट झेपत नाही त्यांना. बरोबर, झेपत नाही. पण तिखट म्हणजेच आपलं जेवण, हे कुणी ठरवलं? मिरची तर पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून आलेली. आपल्या घरात लेकराला आणि तापातून उठलेल्या माणसाला काय देतो आठवा. मऊ भात, मेतकूट, तूप. साधं वरण. लोण्याचा गोळा ठेवलेलं थालीपीठ. वांग्याचं भरीत बिनमिरचीचंही होतं, चुलीत भाजल्याचा वास त्याला पुरतो. ठेचा बाजूला वाटीत ठेवा, ज्याला हौस असेल तो बोट लावून बघेल.

दुसरा मुद्दा मला जास्त टोचतो. हाच पाहुणा आपल्याला प्लॉटचा नोंदणी क्रमांक विचारतो. २०१० साली क्लोरमेक्वाटच्या अंशापायी युरोपात आपली द्राक्षं अडकली, तो फटका बागाईतदार अजून विसरला नाही. तेव्हापासून एकेका फवारणीचा हिशोब आपण देतोय. आणि जेवायला मात्र असं काही देतो की त्यातला गहू कुठला, चीज कुठलं, आपल्यालाच माहीत नाही! त्यापेक्षा बांधावरची मेथी, घरच्या तुरीचं वरण, परड्यातलं वांगं द्या. विचारलं तर बोट दाखवून सांगता येतं, ते तिथलं.

आणि गव्हाचंच बोलायचं तर खपली घ्या. सांगली-सोलापूरकडं तिची खीर करतात. इटलीत ज्याला फारो म्हणतात त्यात हाच गहू येतो. आघारकर संशोधन संस्थेनं एमएसीएस २९७१ हा खपलीचा बुटका वाण दिलाय, म्हणजे पीक काही इतिहासजमा झालेलं नाही. इटलीचा पाहुणा आला तर त्याला गूळ घालून खपलीची खीर वाढा आणि सांगा, तुमच्याकडं पण पिकतो हा. त्या एका वाटीवर जितक्या गप्पा होतील तितक्या पास्त्यावर होणार नाहीत.

कृषी विद्यापीठातल्या साहेब मंडळींनाही दोन शब्द, रागावू नका. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, आपल्याच देशानं मागून घेतलेलं. त्याच वर्षी सप्टेंबरात दिल्लीत जी-२० च्या राष्ट्रप्रमुखांच्या ताटात भरडधान्यं होती. आणि आपल्याकडच्या कार्यक्रमात? व्यासपीठावर ज्वारीवर तासभर भाषण आणि मंडपामागं पनीर, नान, मंच्युरियन. मालदांडीची पांढरीशुभ्र भाकरी, परभणी शक्तीसारखा लोह-जस्त जास्त असलेला वाण, हे पाहुण्याला तक्त्यावर दाखवायचं आणि ताटात नाही वाढायचं?

पैशाचंही बोलू. आमच्या गटाच्या खात्यातून गेल्या हंगामात हॉटेलची बिलं गेली. तोच पैसा गावातल्या बचत गटाला दिला असता तर दहा बायांच्या हाताला काम मिळालं असतं. भाकरी थापताना बघायला पाहुणे चुलीपाशी जाऊन उभे राहतात, मोबाईल काढतात. पास्त्याचा फोटो कोण काढतंय?

आता अपवाद. दोन-तीन महिने राहायला आलेला विद्यार्थी असेल, तर त्याला अधूनमधून उकडलेले बटाटे, अंडी, पाव लागणारच. त्याची सोय करा. आपली पोरं परदेशात शिकायला जातात तेव्हा सोबत चटणी नेतातच की. मी बोलतोय ते एक-दोन दिवसांच्या पाहुण्याबद्दल.

एका गोष्टीत मात्र हयगय नको. शेंगदाणा. आपण कूट कशातही घालतो, भाजीत, कोशिंबिरीत, चटणीत. ज्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी असते त्यांचा घसा सुजून जीव जाऊ शकतो. युरोपात १४ पदार्थांची नावं पाकिटावर छापणं कायद्यानं बंधनकारक आहे, त्यात शेंगदाणा, तीळ, मोहरी आहेत. म्हणून येण्याआधी फोन करून विचारा, काय चालत नाही. शेंगदाणा म्हणाले तर कूट, शेंगदाण्याचं तेल, सगळं त्या दिवशी बंद. स्वयंपाकाची भांडीही वेगळी काढा.

तसंच ग्लुटेनचं. ज्वारी-बाजरीत ग्लुटेन नसतं हे खरं, पण गिरणीत तुमच्या आधी कुणी गहू दळला असेल तर त्याचं पीठ तुमच्या ज्वारीत येतंच. सिलिॲकचा पाहुणा असेल तर त्या दिवशी गिरणीवर विसंबू नका. ज्यावर गहू कधी दळलाच नाही असं घरचं जातं असेल तरच, धान्य नीट पाखडून त्यावर दळा.

पाणी उकळून गार केलेलं. आणि शिवारात हुरडा असेल तर जेवणाआधी आगटी पेटवा. दाणा दुधाळ अवस्था ओलांडून चिकात आला की साखर अजून पुरती स्टार्च झालेली नसते, म्हणून गोड लागतो, हे पाहुण्याला शास्त्रासकट सांगा.

तुमच्याकडं काय वाढता ते खाली लिहा.