काडतुसांचा हिशेब

दरवर्षी १७ सप्टेंबरला नांदेड-लातूरच्या गावोगावी ध्वजवंदन होते, हुतात्मा स्मारकांना हार पडतात आणि भाषणांतून बंदुकीचा उल्लेख हटकून येतो. सीमेवरील छावण्या, उमरीची बँक, रझाकारांशी झालेल्या चकमकी यांच्या कथा सांगताना वक्त्याचा आवाज चढतो. काडतुसांविषयी मात्र कोणी बोलत नाही. वस्तुतः तो लढा बंदुकीपेक्षा काडतुसावर अधिक अवलंबून होता. आणि गेल्या काही वर्षांत मराठवाड्यातील पुढाऱ्यांना बंदुकीच्या परवान्याचा जो सोस जडला आहे, तो पाहता हा विषय केवळ इतिहासाचा राहिलेला नाही.

१९४७ साली स्टेट काँग्रेसने दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखाली कृतिसमिती नेमली व हैदराबाद संस्थानच्या हद्दीबाहेर छावण्या उभ्या राहिल्या. पैनगंगेपलीकडचे उमरखेड हे त्यांपैकीच एक ठिकाण. अशा चळवळीला शस्त्रांची निवड करीत बसण्याची चैन परवडत नाही. मिळेल ते घ्यावे लागते. ठासणीची बंदूक, बारा बोअरची शिकारी बंदूक, थ्री-नॉट-थ्री रायफल, स्टेनगन या प्रत्येकीचा आहार वेगळा. स्टेनला लागणारे नऊ मिलिमीटरचे काडतूस रायफलीच्या कामाचे नाही, आणि काडतूस नसलेली रायफल काठीहून अधिक नव्हे. थ्री-नॉट-थ्रीची मातब्बरी होती ती यामुळेच. इंग्रजी फौजेचे ते नेहमीचे शस्त्र असल्याने तिची काडतुसे देशभर होती, आपल्या खडकीच्या कारखान्यातही ती तयार होत. एकेका गोळीगणिक खटका मागे ओढावयाचा असल्याने ती चालविणाऱ्यास क्षणभर थांबावे लागे. अर्धस्वयंचलित रायफलीत तेवढीही उसंत नसते. घोडा दाबावा तितक्यांदा गोळी सुटते आणि साठा पाहता पाहता संपतो. ज्याच्यामागे कारखाने व आगगाड्या आहेत अशा सैन्यालाच ती पोसता येते.

निजामासमोरचा पेचही निराळा नव्हता. भारतातून शस्त्रपुरवठा बंद झाल्यावर १९४८ साली सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने कराचीहून रात्री विमाने उडवून लातूरला लागून असलेल्या बिदरपर्यंत शस्त्रास्त्रे पोहोचविली. पुढे इंग्लंडमध्ये त्याला या उद्योगाबद्दल अवघा दोनशे पौंड दंड झाला! १३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि पाचव्या दिवशी निजामाने शस्त्रे खाली ठेवली. लातूरला वकिली करणाऱ्या कासीम रझवीच्या गर्जनांनाही हा साठा पुरा पडला नाही.

साठा करावयाचा तर पैसा हवा. १९४८ च्या जानेवारी अखेरीस उमरीची बँक लुटली गेली ती त्याच गरजेपोटी. वीस लाखांच्या घरातील ही रक्कम त्या काळात कोणाचेही मन चळावे एवढी मोठी होती. तरीही ती चळवळीकडे जमा झाली आणि तिचा हिशेब पुढे सादर करण्यात आला. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नैतिक वजनाचा हा पुरावा होय, आणि त्याचा अभिमान बाळगण्याचा मराठवाड्याला अधिकार आहे.

पण पैशाचा हिशेब लागला तसा काडतुसांचा लागला काय? हा प्रश्न आपल्याच माणसांना विचारावा लागतो, म्हणून तो टाळला गेला. पोलिस कारवाईनंतर पंडित सुंदरलाल यांच्या समितीने संस्थानचा दौरा केला. तिच्या अहवालात सर्वाधिक होरपळलेले म्हणून जे चार जिल्हे नोंदले गेले ते उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. संस्थानात मारल्या गेलेल्यांचा समितीचा अंदाज २७ ते ४० हजारांचा होता आणि त्यांत बहुसंख्य मुसलमान होते. रझाकारांनी त्याआधी केलेले अत्याचार खरे होते. त्यांचा सूड ज्यांच्यावर उगवला गेला त्यांतील असंख्य लोक रझाकार नव्हते, हेही तितकेच खरे. ही कत्तल छावण्यांच्या शस्त्रांनी झाली असे आम्ही म्हणत नाही. सैन्य व पोलिसांतील काहींचा लुटीत व हत्येत हात असल्याचे समितीनेच नमूद केले आहे. तथापि लढा संपल्या दिवशी कोणाकडे काय उरले याची मोजदाद गावपातळीवर झाली नाही, तेव्हा हत्यारबंद माणूस आणि निःशस्त्र शेजारी एवढाच भेद उरला. अहवाल कित्येक दशके दडपून ठेवण्यात आला यात नवल ते काय.

आज सामान्य नागरिकाला लष्करी धाटणीची अर्धस्वयंचलित रायफल मिळत नाही, हे बरेच आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली बाकीची शस्त्रे परवान्याने मिळतात. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकास दोनच शस्त्रांची मर्यादा घातली आणि लग्नावरातींत वा मिरवणुकीत हौसेने गोळ्या झाडणे हा स्वतंत्र गुन्हा ठरविला. तरीही शेजारच्या बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक परवाने असल्याचे, २०२४ च्या डिसेंबरात मस्साजोगच्या सरपंचाची हत्या झाल्यावरच राज्याच्या लक्षात आले! मग परवाने रद्द करण्याची धावपळ झाली. यांपैकी किती जणांना खरोखर जिवाची भीती होती, आणि किती जणांना दुसऱ्याच्या मनात ती निर्माण करावयाची होती? वाळूच्या घाटावर मजुरी करणाऱ्याला किंवा सावकाराच्या दारी उभ्या असलेल्या कुळाला हे उत्तर आमच्याहून चांगले ठाऊक आहे.

परवाने मोजणे पुरेसे नाही. बंदूक भिंतीवर वर्षानुवर्षे टांगून राहू शकते. काडतूस खर्च होते, आणि ते कोठे खर्च झाले हीच खरी बातमी असते. विक्रेत्याने खरेदीची नोंद ठेवावी असे नियम सांगतात. प्रत्येक जिल्ह्यात किती काडतुसे विकली गेली आणि परवाना नूतनीकरणाच्या वेळी किती शिल्लक दाखविली गेली, हे आकडे जिल्हा प्रशासनाने दरवर्षी जाहीर करावेत. नावे नकोत, तालुकावार आकडे पुरेत. नांदेड आणि लातूरच्या साथींनी ही मागणी जिल्हाधिकारी कचेरीत लेखी नोंदवावी, आणि उत्तर न आल्यास माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा. आपल्यापैकी ज्यांच्या घरी परवान्याची बंदूक आहे, त्यांनी पुढील जिल्हा बैठकीत स्वतःचा आकडा आधी सांगावा.