तंबूतला किंग काँग

आमच्या घरी ३० जानेवारीला दोन गोष्टी होतात. सकाळी अकरा वाजता ज्याने त्याने, जिथे असेल तिथे, दोन मिनिटे स्तब्ध उभे राहायचे. आणि रात्री जेवणे आटोपली की सर्वांनी मिळून एखाद्या अवाढव्य राक्षसाचा चित्रपट पाहायचा. पहिली गोष्ट शेजाऱ्यापाजाऱ्यांना पटते, दुसरी पटत नाही. "हुतात्मा दिन पाळणारे तुम्ही, आणि त्याच रात्री तुमच्या खिडकीतून या डरकाळ्या!" असे आमच्या एका सहकाऱ्यांनी मला चारचौघांत ऐकवले. सौभाग्यवतीचे म्हणणे याहून थोडक्यात आहे. ती म्हणते, "दोन्हींतलं एक काहीतरी करा."

मी कॉलेजात मराठी शिकवतो. विसंगती आणि विरोधाभास यांतला फरक मुलांना समजावून सांगण्यात माझी वीस वर्षे गेली. तेव्हा स्वतःच्या घरातला हा प्रकार दोहोंपैकी कशात मोडतो, याचा खुलासा एकदा या सदरातून करून टाकावा म्हणतो. दिवाळी अंकात पाने थोडी जास्त असतात आणि वाचकही फराळ करून स्वस्थ बसलेले असतात.

या खुलाशासाठी आपल्याला काष्टीला जावे लागेल. काष्टी म्हणजे श्रीगोंदे तालुक्यातले, दौंडहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे माझे गाव. गावाचे नाव बाहेरच्यांना माहीत असते ते शनिवारच्या बाजारामुळे. त्या दिवशी बैल, गाई, म्हशी, शेळ्या यांनी बाजारतळ भरून जातो. दावणीला बांधलेल्या बैलांचे दात पाहणारे शेतकरी, रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून मुक्यानेच भाव करणारे हेडे, भज्यांचा वास, शेणाचा वास आणि त्या सर्वांवर धुळीचे छत. काष्टीच्या पोराला अवाढव्य जनावरांचे आकर्षण का, असे कोणी विचारू नये. आम्ही त्यांच्या पायांतूनच लहानाचे मोठे झालो.

१९९३ सालची ३० जानेवारी शनिवारी आली होती. मी सहावीत होतो. आमचे वडील, म्हणजे अण्णा, शिक्षक होते. शनिवारची सकाळची शाळा. अकराला घंटा झाली, आम्ही मैदानावर ओळीने उभे राहिलो आणि दोन मिनिटे गप्प राहण्याची पराकाष्ठा केली. पण बाजारातले बैल हुतात्मा दिन पाळत नव्हते. ते हंबरले की ओळीत खसखस पिके. अण्णा समोर उभे होते. त्यांनी डोळे मिटले होते, त्यामुळे कोण हसले ते त्यांना कळले नाही, किंवा कळूनही त्यांनी डोळे उघडले नाहीत. त्या दिवशी ते एकवेळच जेवत. गांधीजी गेले तेव्हा ते सात वर्षांचे होते, आणि त्या रात्री आमच्या घरी चूल पेटली नव्हती एवढे त्यांच्या लक्षात राहिले होते. पुढे सारे आयुष्य त्यांनी ती एक रात्रीची चूल विझलेली ठेवली.

त्याच हिवाळ्यात बाजारतळाच्या कडेला फिरत्या सिनेमाचा तंबू लागला होता. कर्ण्यावरून दिवसभर ओरडून सांगत होते : किंग काँग, किंग काँग, पन्नास फुटांचा वानर! माझा चुलतभाऊ बाळूदादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा आणि चाळीस वर्षांनी अनुभवी. "अण्णा आज लवकर झोपतात," तो म्हणाला. "उपास असला की माणूस झोपतो." आम्ही मागच्या दाराने निघालो.

तो १९७६ सालचा अमेरिकन चित्रपट होता. भाषा इंग्रजी, चित्रफितीवर पावसाच्या सरींसारख्या रेघा. पण राक्षसाला भाषा लागत नाही. वानराने पहिल्यांदा झाडे बाजूला सारून तोंड काढले तेव्हा बायकांच्या बाजूने एकच किंकाळी उठली, आणि आमच्या बाजूला एका म्हाताऱ्याने मोठ्याने "बजरंगबली की जय" म्हटले. त्यानंतर त्या तंबूत कोणालाही संवाद समजण्याची गरज उरली नाही. बेटावरून त्या वानराला साखळदंडांत बांधून आणतात, न्यूयॉर्कला त्याचे प्रदर्शन मांडतात, तो बेड्या तोडतो, आणि शेवटी जागतिक व्यापार केंद्राच्या जुळ्या मनोऱ्यांवर चढतो. मग हेलिकॉप्टरे येतात. गोळ्यांचा वर्षाव होतो. रक्ताने माखलेला तो प्रचंड देह खाली कोसळतो. आम्ही पोरांनी टाळ्या पिटल्या, शिट्ट्या फुंकल्या. त्याच्या काळजाचे ठोके हळूहळू मंद होताना ऐकू येतात, ते आमच्या शिट्ट्यांत कोणाला ऐकू गेले नाहीत.

बाहेर पडताना कनातीजवळ अण्णा उभे होते.

त्या राक्षसाला पाहून मी जेवढा घाबरलो नव्हतो तेवढा तेव्हा घाबरलो. बाळूदादा गर्दीत कुठे विरघळला ते समजले नाही. अण्णांच्या हातात कंदील होता. आईने आमची अंथरुणे रिकामी पाहिली होती आणि त्यांना शोधायला पाठवले होते. ते शोधायला आले, तंबूवाल्याने मास्तरांना आत घेतले, आणि शेवटची पंधरा-वीस मिनिटे त्यांनी मागे उभे राहून पाहिली. कंदिलाच्या उजेडात मी त्यांच्या तोंडाकडे पाहिले. डोळे ओले होते.

आम्ही निघालो. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. रेल्वेच्या रुळांजवळ आल्यावर म्हणाले, "वाईट केलं रे बिचाऱ्याचं."

कोणाचे, ते मला कळेना. म्हणून मी दिवसाला शोभेल असा प्रश्न विचारला. "अण्णा, गांधीजींना मारणारा राक्षसच होता ना?"

"नाही," ते म्हणाले. "माणूस होता. तुझ्यामाझ्यासारखा. शिकलेला." मग थोडे थांबून म्हणाले, "माणसावर माणसाचा हात सहसा उठत नाही. आधी त्याला राक्षस ठरवावं लागतं. मग टाळ्या वाजवायला तंबू भरतो."

आणि रुळांकडे कंदील करून त्यांनी मला जे सांगितले ते शाळेत कोणी सांगितले नव्हते. याच रुळांवर नगरच्या अलीकडे विसापूर लागते. तेथल्या तुरुंगात कायदेभंगाच्या चळवळीत गांधीजींचे सत्याग्रही डांबले गेले होते. त्याच विसापूरला फाळणीनंतर निर्वासितांची छावणी पडली. घरदार गमावून आलेली, पोळलेली माणसे तेथे राहत होती. मदनलाल पाहवा हा त्या वेळी नगर भागात वावरणारा असाच एक निर्वासित तरुण. २० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीला बिर्ला भवनाच्या आवारात, प्रार्थनासभा चालू असताना, त्याने स्फोट घडवून आणला. विष्णू करकरे नगरमध्ये हॉटेल चालवीत असे. नारायण आपटे काही काळ नगरलाच शिक्षक होता. "माझ्यासारखा शिक्षक," अण्णा म्हणाले. त्या शब्दांत त्यांचा आवाज अडखळला. कट दूर कुठे पाताळात शिजला नव्हता. त्याच्या काही वाटा आमच्याच जिल्ह्यातून गेल्या होत्या.

दहा दिवसांनी, ३० जानेवारीच्या संध्याकाळी, पाच वाजून सतरा मिनिटांच्या सुमाराला, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आणि पन्नास किलोही न भरणारा एक म्हातारा दोन मुलींच्या खांद्यांचा आधार घेऊन प्रार्थनेला निघाला होता. त्याला थांबवायला तीन गोळ्या पुरल्या. हेलिकॉप्टर लागले नाही. मुठीत मावणारे पिस्तूल, आणि त्याआधी कित्येक महिने मनात मोठा मोठा करत नेलेला एक राक्षस, ज्याचा त्या म्हाताऱ्याशी काही संबंध नव्हता.

"पुढचंही ऐक," अण्णा म्हणाले. मारणारा ब्राह्मण निघाला, म्हणून सातारा, सांगली, कोल्हापूर भागांत आणि इतरत्रही ब्राह्मणांची घरे पेटवली गेली. ज्यांनी जन्मात पिस्तूल पाहिले नव्हते त्यांचीही. अहिंसेच्या पुजाऱ्याच्या नावाने माणसे पुन्हा राक्षस शोधायला निघाली होती. आणि ज्या जानेवारीत अण्णा मला हे सांगत होते, त्याच जानेवारीत मुंबई जळून निघाली होती. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ या दोन महिन्यांच्या दंगलींत तेथे सुमारे नऊशे माणसे गेली. वर्तमानपत्र वाचून झाले की अण्णा ते घडी करून पालथे का ठेवीत, ते मला त्या रात्री उमगले.

घरी आल्यावर मार बसला नाही. मार बसला असता तर बहुधा मी हे सारे विसरून गेलो असतो.

पुढे कॉलेजात गेल्यावर मी राक्षसपटांचा नाद हौसेने वाढवला. मूळचा 'किंग काँग' १९३३ सालचा. त्यातला तो भयंकर वानर म्हणजे वस्तुतः जेमतेम दीड फुटाच्या, सशाची कातडी चढवलेल्या बाहुल्या; त्या इंचाइंचाने हलवून एकेक चित्र घेतले. आपल्याकडेही १९६२ साली 'किंग काँग' नावाचा हिंदी चित्रपट निघाला होता, पण त्यात दारासिंग होता! १९६६ साली समुद्रातून निघणारा 'गोगोला'ही येऊन गेला. परंतु या साऱ्या घराण्याचा कुलपुरुष म्हणजे जपानचा गोजिरा, ज्याला जग गॉडझिला म्हणते. त्याची डरकाळी म्हणजे व्हायोलिनच्या जातीच्या एका मोठ्या वाद्याच्या तारांवर राळ लावलेला चामडी हातमोजा घासून काढलेला आवाज. शेजाऱ्यांना हे सांगून पाहिले. त्यांची तक्रार कायम राहिली.

पण गोजिराची जन्मकथा गमतीची नाही. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बाँबची चाचणी घेतली. तिची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली. बोटीवर तेवीस जण होते. सारे आजारी पडले आणि त्यांपैकी एक सप्टेंबरात मरण पावला. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला गोजिरा पडद्यावर आला. दिग्दर्शक इशिरो होंडा युद्धानंतर चीनमधून घरी परतताना हिरोशिमा पाहून आले होते. त्यांचा राक्षस बाँबच्या स्फोटांनी समुद्रतळातून उठवलेला आहे. तो शहर तुडवतो खरा, पण चित्रपट त्याच्या मागून दवाखान्यात जातो, जमिनीवर ओळीने निजवलेल्या जखमींपाशी थांबतो, मुलींची प्रार्थना ऐकवतो. राक्षस मरतो तेव्हा विजयाचा डंका वाजत नाही. त्याला मारणारे भयंकर अस्त्र शोधणारा शास्त्रज्ञ स्वतःही समुद्रातळी राहून जीव देतो, कारण ते अस्त्र पुन्हा माणसांच्या हाती पडू नये. असा चित्रपट हुतात्मा दिनी पाहणे, मला सांगा, कोणत्या शास्त्रात निषिद्ध आहे?

आणि तंबूत पाहिलेल्या त्या जुळ्या मनोऱ्यांचे काय झाले, हे आपण सर्वांनी ११ सप्टेंबर २००१ रोजी आणि त्यानंतर शेकडो वेळा पाहिले. ते कोणा वानराने पाडले नाहीत. तिकिटे काढून, रांगेत उभे राहून, विमानात बसलेल्या माणसांनी पाडले. त्यांच्या मनातही कोणी तरी एक राक्षस वाढवून ठेवला होताच.

आपली दिवाळी तरी पाहा. नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण नरकासुर म्हणून कारीट पायाच्या अंगठ्याखाली फोडतो. तोही म्हणे मरताना एवढेच मागून गेला, की माझ्या मृत्यूच्या दिवशी लोकांनी आनंद करावा. आणि दोनच दिवसांनी बलिप्रतिपदा येते. बळी हाही असुरच. पण त्याला आपण चिरडत नाही. त्याचे राज्य परत येवो अशी इच्छा आपल्या आया-आज्या ओवाळताना करतात. कोणत्या असुराला अंगठ्याखाली घ्यायचे आणि कोणाची वाट पाहायची, हे ठरवण्यापूर्वी नीट पाहावे लागते, हे या चार दिवसांच्या सणाला ठाऊक आहे. ते आपल्यालाच वर्षातले उरलेले दिवस ठाऊक नसते.

अण्णांना जाऊन आता नऊ वर्षे झाली. माझा उपास त्यांच्याएवढा कडक नाही. चहा मी दोनदा घेतो. काष्टीला गेलो की बाजारतळावर जिथे तंबू होता तिथे जरा रेंगाळतो. माझी मुलगी यंदा सहावीत आहे. गेल्या ३० जानेवारीला आम्ही २०२३ सालचा नवा गॉडझिला पाहिला. युद्धातून जिवंत परत आल्याची लाज बाळगणाऱ्या एका वैमानिकाची ती गोष्ट. शेवटी तो अजस्र देह समुद्रात कोसळून पडू लागला, तशी मुलगी सोफ्यावर उभी राहून टाळ्या वाजवू लागली. सौभाग्यवतीने माझ्याकडे पाहिले. म्हणजे, आता द्या व्याख्यान, असे.

मी काही बोललो नाही. माझ्याही टाळ्या अण्णांनी तंबूत थांबवल्या नव्हत्या. त्यांनी मला रुळांपर्यंत चालू दिले होते. मी दिवा मालवला आणि तिच्या शेजारी जाऊन बसलो. थोड्या वेळाने अंधारात तिनेच विचारले, "बाबा, सकाळी आपण उभे राहिलो ते ज्यांच्यासाठी, त्यांना कुणी मारलं?"

"सांगतो," मी म्हणालो. "पण आधी काष्टीची गोष्ट ऐक."