गायत्री कोणाची आणि जप कशाचा?

गेल्या महिन्यात आमच्या ओळखीच्या एका सुताराच्या घरी जाण्याचा योग आला. दारात मांडव, मांडवाच्या खांबाला कर्णा, आणि कर्ण्यातून गायत्री मंत्राचा घोष एवढ्या मोठ्याने चाललेला, की शेजारच्या गोठ्यातली वासरे बावरून गेली होती. घरधनी म्हणाला, "धंद्याला बरकत नाही, म्हणून सवा लाख जप बसवला आहे. तीन भटजी आहेत, तीन दिवसांचे काम." पैसा कोठून आणलात असे विचारले, तेव्हा पतपेढीच्या कर्जाची गोष्ट निघाली. इतक्यात घरातली थोरली मुलगी पाणी घेऊन आली. बारावीला चांगले गुण मिळवलेली ही पोर. हिला पुढे कोठे घातलीत, असे विचारताच घरधन्याने मान खाली घातली. "यंदा जमले नाही, भाऊ. पुढल्या वर्षी बघू."

मंत्राचा अर्थ काय, असे आम्ही त्याला विचारले. त्याला तो ठाऊक नव्हता, आणि यात त्या गरिबाचा काडीचा दोष नाही. मग जपाला बसलेल्या तिघांपैकी एकास तोच प्रश्न केला. ते म्हणाले, "अर्थाचे काय घेऊन बसलात? उच्चाराला महत्त्व." तेव्हा ज्या मंत्रापायी आमचा सुतार कर्जात गेला आणि त्याची मुलगी घरी बसली, त्या मंत्रात आहे तरी काय, हे आज आमच्या शेतकरी आणि कारागीर बांधवांपुढे ठेवणे आम्हांस भाग आहे.

ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातील बासष्टाव्या सूक्ताची ही दहावी ऋचा. आठ आठ अक्षरांचे तीन चरण, अशा चोवीस अक्षरी छंदाला गायत्री म्हणतात, आणि छंदाचे नाव मंत्राला पडले. आरंभीचा ओंकार आणि भूः, भुवः, स्वः हे तीन शब्द त्या ऋचेतले नव्हेत. ते जपासाठी पुढे जोडले जातात. आता उच्चाराचेच म्हणाल, तर पहिल्या चरणात आज म्हणतात तशी अक्षरे मोजली तर सातच भरतात. 'वरेण्यम्' हा शब्द 'वरेणियम्' असा फोडावा तेव्हा आठ होतात. म्हणजे ज्या उच्चाराचा एवढा बडेजाव, त्यातच एक अक्षर कमी पडते, आणि त्यामुळे आजवर कोणाचे घर बुडाल्याचे ऐकिवात नाही.

अर्थ अगदी सोपा आहे. सविता म्हणजे सूर्य. पण नुसता तापणारा नव्हे, तर जगाला उठवून कामाला लावणारा. त्या सवित्याच्या उत्तम तेजाचे आम्ही चिंतन करतो. त्याने आमच्या बुद्धीला पुढे हाकावे, एवढेच मागणे. वाचकहो, नीट पाहा. यात धन मागितलेले नाही, पुत्र मागितलेला नाही, शत्रूचा नाश मागितलेला नाही, धंद्याची बरकतही मागितलेली नाही. मागितली आहे ती बुद्धी, आणि तीही 'माझी' म्हणून नव्हे, 'आमची' म्हणून! पहाटे तांबडे फुटताना मोट जोडणाऱ्या आमच्या आज्या-पणज्यांनी सूर्याला हात जोडले, त्यांच्या मनात तरी याहून निराळे काय असणार?

असा हा मंत्र कोणाचा? परंपरा त्याचा ऋषी विश्वामित्र सांगते. ऐतरेय ब्राह्मणात या विश्वामित्राला राजपुत्र म्हणून हाक मारली आहे, आणि रामायणात तो ब्राह्मण नव्हे तर क्षत्रिय राजा होता अशी कथा आहे. त्याच ऐतरेय ब्राह्मणात कवष ऐलूषाची गोष्ट येते. दासीचा मुलगा म्हणून त्याला सरस्वतीच्या काठच्या सत्रातून हुसकले आणि पाण्यावाचून मरायला रानात सोडले. तेथे त्याला सूक्त स्फुरले, आणि सरस्वती त्याच्याभोवती धावत आली. ते सूक्त आजही ऋग्वेदात आहे. घोषा, अपाला, विश्ववारा या बायांच्या नावांवरही ऋग्वेदात सूक्ते आहेत. म्हणजे ज्या ग्रंथात क्षत्रियाची, दासीपुत्राची आणि बायकांची वाणी आहे, तोच ग्रंथ पुढे शूद्राच्या कानी पडू द्यायचा नाही, असे ठरले!

ही कुलुपे कशी पडली? गौतमाच्या धर्मसूत्रात वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात कथील आणि लाख वितळवून ओतावी असे लिहिले आहे. मनूने सावित्रीसाठी (गायत्रीचे हे दुसरे नाव) ब्राह्मणाला सोळा, क्षत्रियाला बावीस आणि वैश्याला चोवीस वर्षांपर्यंतची मुदत घातली. शूद्र त्या हिशेबातच नाही. बाईला तर लग्न हीच मुंज, असे सांगून मोकळे झाले. पुढे एक युक्ती निघाली, की कलियुगात पहिला आणि शेवटचा असे दोनच वर्ण उरले. म्हणजे भटजींखेरीज सारे शूद्र, मग तो नांगर धरणारा असो वा राज्य करणारा!

याचाच मासला सन १८९९ मध्ये कोल्हापुरात दिसला. छत्रपती शाहू महाराज कार्तिकात पंचगंगेवर स्नानास जात, तेथे त्यांचा पुरोहित वेदमंत्रांऐवजी पुराणातले श्लोक म्हणे. ही गोष्ट महाराजांच्या नजरेस आणणारे राजारामशास्त्री भागवत स्वतः ब्राह्मण होते, हे येथे मुद्दाम सांगतो. कारण आमचा रोष जातीवर नाही, दलालीवर आहे. छत्रपतीलाच वेदोक्ताचा अधिकार नाही, या हट्टावरून केवढे रण माजले! सन १९०२ मध्ये महाराजांनी राजोपाध्यांची इनामे जप्त केली, आणि सन १९२० मध्ये क्षात्रजगद्गुरूची गादी स्थापली. त्या वेळी सत्यशोधकांतल्याच काहींनी विचारले, की एक भटजी गेला आणि दुसरा गुरू आला, तर रयतेच्या पदरात काय पडले? प्रश्न रास्त होता, आणि आजही रास्त आहे.

पण महाराज मंत्रापाशी थांबले नाहीत, हे विसरता येत नाही. सन १९०१ मध्ये त्यांनी मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, आणि सन १९१७ मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याचा हुकूम काढला. वेदोक्ताने महाराजांच्या घरातली पूजा सुधारली असेल. या हुकुमाने खेड्यातल्या पोराच्या हातात पाटी दिली. बुद्धीला पुढे हाकावे हा जर मंत्राचा अर्थ, तर खरा जप यातला कोणता, हे आमच्या वाचकांनीच ठरवावे.

आज कुलुपे राहिली नाहीत. मॅक्समुल्लर साहेबाने सन १८४९ ते १८७४ या काळात सायणाच्या भाष्यासह ऋग्वेद छापून काढला, तेव्हाच चोरून ठेवण्यासारखे काही उरले नाही. आता तर गायत्री चौकातल्या कर्ण्यावर आहे आणि खिशातल्या फोनवर आहे. कोणी कोणाच्या कानात शिसे ओतू शकत नाही. पण दार उघडले म्हणून आमचे लोक आत जाऊन करतात काय? जे पूर्वी हाकलून देत होते, त्यांच्याच पुढे पैसे ठेवून म्हणतात, "आमच्या वतीने तुम्ही म्हणा!" अधिकारासाठी आमचे वाडवडील भांडले, आणि तो अधिकार आम्ही मजुरीवर दुसऱ्याला लावून दिला.

या मजुरीचा हिशेब एकदा करून पाहू. मंत्र नीट म्हणायचा तर एका मिनिटात दहा वेळा होतो असे धरा. सवा लाख जपाला साडेबारा हजार मिनिटे, म्हणजे दोनशे आठ तास लागतात. तीन माणसांनी तीन दिवसांत तो पुरा करायचा, तर प्रत्येकाला रोज तेवीस तास बसावे लागेल. न जेवता, न निजता! आमच्या सुताराच्या घरी जप सकाळी चार तास चालत होता. म्हणजे नऊ माणसी दिवसांचे छत्तीस तास, आणि एकवीस हजार सहाशे जप. सुतार लाकडाचा हिशेब सुताएवढाही चुकू देत नाही. मग येथेच त्याने मोजपट्टी का ठेवून दिली?

आणि समजा, सवा लाख पुरे झाले, तरी काय? नांगरायला गडी लावता येतो, विहीर खणायला मजूर लावता येतात. पण भूक आपली आणि जेवायला गडी, असे कधी झाले आहे काय? बुद्धी आपली वाढायची, तर चिंतन आपणच केले पाहिजे. ते दुसऱ्याने मोल घेऊन केले, तर फार तर त्याचीच बुद्धी वाढेल. आणि ती वाढलेली आहेच, हे बिदागीच्या आकड्यावरून दिसते.

कर्ण्याचेही तसेच. ज्या मनुस्मृतीवर आमचा विश्वास नाही, तिच्यातसुद्धा ओठांतल्या ओठांत केलेला जप मोठ्या यज्ञाहून शंभरपट आणि मनातल्या मनात केलेला हजारपट श्रेष्ठ म्हटला आहे. कर्ण्यावरच्या जपाची पट तिने सांगितलेली नाही. तेव्हा आजारी माणसाची झोप आणि परीक्षेला बसलेल्या पोराचा अभ्यास मोडून बुद्धीचा मंत्र वाजवणे, हे त्यांच्या शास्त्रालाही धरून नाही.

आमच्यातले काही मित्र म्हणतील, की हे सारे टाकूनच द्या. ज्यांना टाकायचे त्यांनी खुशाल टाकावे. मंत्र म्हटल्याने कोणी मोठा होत नाही, न म्हटल्याने कोणी लहान होत नाही. पण ज्यांच्या मनाला तो म्हणून शांती वाटते, त्यांना आमचे सांगणे एवढेच, की अर्थ समजून घ्या, स्वतः म्हणा, बायकामुलांनाही म्हणू द्या, आणि त्यासाठी कोणाला एक पैसा देऊ नका. निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये अडत्या नको, ही सन १८७३ मध्ये सत्यशोधक समाजाने शिकवलेली गोष्ट बाजारात माल विकणाऱ्या शेतकऱ्याला तरी दोनदा सांगावी लागू नये.

आणि एक. या मंत्राचे दुसरे नाव सावित्री, हे वर आलेच आहे. त्याच नावाची एक बाई पुण्यात सन १८४८ पासून शेणाचे गोळे अंगावर झेलीत मुलींना अक्षरे शिकवीत होती. जी बुद्धी हजारो वर्षे मंत्रात मागून शूद्रांच्या व स्त्रियांच्या वाट्याला आली नाही, ती सावित्रीबाई फुले यांनी पाटीवर खडूने लिहून दिली.

त्या सुताराला आम्ही निघताना एवढेच म्हणालो, की दादा, झालेले कर्ज झाले. ते फेडशीलच, तुझ्या हातात कसब आहे. पण पुढल्या वर्षी बघू हे शब्द मागे घे. पोरीला यंदाच, जेथे जागा मिळेल तेथे घाल. तिच्या प्रवेशाच्या फीसाठी चार घरी हिंडावे लागले, तर आम्ही तुझ्याबरोबर हिंडू. तुझ्या घरातली गायत्री मांडवात बसलेली नव्हती. ती पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती.