नेमबाजी : आधी संयम, मग शस्त्र

२०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळविले. मराठी घरांत नेमबाजीविषयी कुतूहल जागे होणे त्यामुळे स्वाभाविकच. मात्र आरंभीच मुलाच्या हाती महागडी रायफल देणे म्हणजे अक्षरओळखीआधी ग्रंथ देणे होय.

१० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरील दहा गुणांचा मध्यबिंदू जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तो वेधण्याआधीचा पहिला धडा सुरक्षिततेचा : नळी सदैव लक्ष्याच्या दिशेने, नेम धरेपर्यंत बोट चापापासून दूर. दुसरा धडा शरीराचा : स्थिर उभे राहणे, श्वास थोडा सोडून क्षणभर रोखणे, चाप झटक्याने न ओढता हळुवार दाबणे आणि छर्रा सुटल्यावरही क्षणभर नेम न मोडणे. प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, छर्रा न भरता, कोऱ्या भिंतीसमोर हा सराव नेटाने करावा लागतो. नवशिक्याला तो कंटाळवाणा वाटतो. खरी परीक्षा तेथेच असते.

अर्जुनाला केवळ पक्ष्याचा डोळा दिसला, ही कथा घरोघरी सांगितली जाते. त्यामागील अखंड अभ्यास मात्र विसरला जातो. पदक हजारांतून एखाद्यालाच लाभते. संयम मात्र निष्ठेने सराव करणाऱ्या प्रत्येकाच्या पदरी पडतो. पालकांनी आधी त्याचीच अपेक्षा धरावी.