मिस्टर इंडिया आणि पुरावा

भाताची रोपं अजून वीतभर झाली नाहीत, लावणीला अवकाश आहे. म्हणून आज शेती सोडून पिक्चरवर लिहितो.

'मिस्टर इंडिया' 1987 चा. शेखर कपूरचा, गोष्ट सलीम-जावेदची. आमच्या पाड्यावर तो उशिरा आला, भाड्याच्या व्हिडिओवर. आता टीव्हीवर लागला की घरातली पोरं हसतात. हसण्यासारखं आहेच. मोगॅम्बोचा तो पिवळ्या केसांचा टोप, मनगटातलं कडं चालू केलं की माणूस गायब, वस्तू हवेत तरंगतायत. लाल उजेडात मात्र तो दिसतो. का, ते विचारायचं नाही.

पण माझं म्हणणं, त्यातलं कडं खोटं आहे, माणूस खरा आहे.

अरुण कडं मिळायच्या आधीपासूनच कोणाला दिसत नाही. अनाथ पोरं सांभाळतो, व्हायोलिन शिकवतो, पैशांची कायम ओढाताण. समोर उभा राहिला तरी लोकांना त्याची थकबाकी दिसते. सीमा त्याच्याच घरात भाड्याने राहते आणि जीव लावते न दिसणाऱ्या मिस्टर इंडियावर. रोज समोर असणारा अरुण तिच्या खिजगणतीत नाही. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाची 1897 ची कादंबरी आहे. तिच्यातला अदृश्य माणूस माजतो, लोकांवर दहशत बसवायला निघतो. शिकलेला, हुशार माणूस होता तो, न दिसणं त्याला नवीन होतं. अरुणला सवय होती, म्हणून तो माजला नाही असं मला वाटतं.

आणि शेवटाकडचा तो भाग. मोगॅम्बो पोरांना मारायची धमकी देतो, तेव्हा अरुण कबूल करतो की मीच मिस्टर इंडिया. पण कडं तर हरवलेलं. गायब होऊन दाखवता येत नाही. खरं बोलतोय, पण पुरावा नाही! पोरं या जागी बाथरूमला उठतात. मी इथेच डोळे लावून बसतो.

कारण हे आपल्याकडे रोज चालतं. वनहक्क कायदा 2006 चा. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन कसतोय हे दाखवायचं. आजोबांनी घातलेला बांध आहे, विहीर आहे, घर आहे. कायद्याच्या नियमात या गोष्टी पुरावा म्हणून चालतात, जुन्या माणसांचा जबाबही चालतो. तरी टेबलापलीकडचा माणूस म्हणतो, कागद आणा. ज्याच्या टाचांना त्या जमिनीच्या भेगा आहेत त्याने सिद्ध करायचं की तो तिथे होता. फाईलवर लाल शेरा पडला की तेवढा दिसतो.

लाल उजेडावरून आठवलं. मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईला शेतकरी चालत गेले, वनजमिनीचीच मागणी घेऊन. लाल टोप्या, लाल झेंडे. कोणाला तो रंग आवडो न आवडो, त्या दिवशी शहराला माणसं दिसली. फुटलेले पाय दिसले. शेवटचा टप्पा मात्र ते रात्रीतून चालले, सोमय्या मैदानावरून आझाद मैदानापर्यंत, कारण सकाळी दहावीच्या पोरांची परीक्षा होती. आठवडाभर चालले ते दिसण्यासाठी, आणि परक्याच्या पोरांसाठी शेवटची रात्र अंधारात काढली. सलीम-जावेदला पण हे सुचलं नसतं.

पिक्चर परत लागला तर बघा. तो कबुलीचा भाग येईपर्यंत रिमोट पोरांच्या हातात देऊ नका. ज्यांचे दावे अजून अडकलेत त्यांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे जबाब याच पावसाळ्यात लिहून घ्या, पुढच्यासाठी ठेवू नका.