हात वर न करणारी मुलं

वडोदऱ्यात आठवीला विज्ञान शिकवते. वर्गात मुलं अडतीस आणि हात वर होतात ते नेहमीचे पाचच. "समजलं का?" विचारलं की "येस टीचर" मात्र अडतीस तोंडांतून. त्या "येस"वर मी बारा वर्षं विश्वास ठेवला.

आपल्या घरांतल्या मुलांची आणखी एक अडचण असते. घरी मराठी, गल्लीत गुजराती, वर्गात इंग्रजी. उत्तर येत असतं, पण इंग्रजी वाक्य जुळवेपर्यंत पाचांपैकी कुणीतरी बोलून मोकळं होतं.

यंदा मी प्लिकर्सची कार्डं वापरायला लागले. मुलांना मोबाइल लागत नाही, म्हणून शाळेचीही हरकत नव्हती. प्रत्येकाला एक कागद, त्यावर काळ्या-पांढऱ्या चौकोनांची नक्षी, प्रत्येकाची वेगळी. चार कडांना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. जे उत्तर वाटतं ती कड वर करून कार्ड धरायचं. मी मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवते आणि कोणी काय उत्तर दिलं ते लगेच दिसतं. शेजाऱ्याची नक्षी निराळी असल्यामुळे बघून लिहिण्याची सोय नाही! कार्डं मी घरीच छापली आणि जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर चिकटवली.

पहिल्याच दिवशी घोळ केला. निकाल प्रोजेक्टरवर लावला तो नावांसकट. बरोबर उत्तराला हिरवा रंग, चुकीला लाल. मागच्या बाकावरच्या एका मुलाच्या नावापुढे ओळीने चार लाल खुणा, आणि वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी त्याने कार्ड काढलंच नाही. "घरी राहिलं, टीचर." दप्तरातून पुठ्ठ्याचा कोपरा दिसत होता. मी काही बोलले नाही. ज्यांना बोलायला भीती वाटते त्यांच्यासाठी आणलेली वस्तू मी पहिल्या तासालाच त्यांच्यावर उलटवली होती. तेव्हापासून पडद्यावर फक्त आकडे येतात, नावं माझ्या मोबाइलपुरती. हे वर्गाला सांगितलं, त्याला मधल्या सुट्टीत वेगळं सांगितलं. कार्ड परत यायला आठवडा लागला.

मग ऋतूंचा धडा आला. धडा शिकवून झाल्यावर प्रश्न टाकला: उन्हाळा का होतो? अडतीसपैकी चोवीस कार्डं म्हणाली, पृथ्वी सूर्याजवळ जाते म्हणून. पाचांपैकी तीनजणही त्यातच!

पूर्वी मी लगेच उत्तर सांगून टाकलं असतं. पण हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर १९९१ पासून एक पद्धत वापरत आले आहेत. आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग पुन्हा उत्तर द्यायचं. साधारण तीस ते सत्तर टक्के मुलांचं उत्तर बरोबर असेल तर ही चर्चा चांगली रंगते. आमचे चौदा बरोबर, म्हणजे सदतीस टक्के. मी म्हटलं, तीन मिनिटं, कुठल्याही भाषेत बोला.

वर्गाचा बाजार झाला. मी बाकांमधून फिरत होते. मागच्या बाकावर तोच मुलगा शेजाऱ्याला गुजरातीत सांगत होता, "मारा काका मेलबर्नमां छे. त्यां डिसेंबरमां उनाळो होय छे. सूरज नजीक आवे तो बधे गरमी थाय ने?"

मी तिथेच थबकले. माझ्या धड्यात हा मुद्दा नव्हता. मी शिकवला होता तो कललेला आस, तोही आकृती काढून.

दुसऱ्या फेरीत एकतीस कार्डं बरोबर आली. मग मी सांगितलं की पृथ्वी सूर्याला सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४ कोटी ७० लाख किलोमीटरवर. जुलैत ती १५ कोटी २० लाखांवर जाते. तेव्हा "हें?" असा जो आवाज निघाला, तो अडतीसांचा होता आणि खरा होता.

काकांचा मुद्दा वर्गाला सांगशील का, असं मी त्याला विचारलं. त्याने मान हलवली, नाही. मग मीच सांगितला, नाव न घेता. तो खाली बघून कार्डाचा कोपरा दुमडत बसला होता. त्याला नवं छापून द्यायचं आहे.